नव्या समुपदेशकाची पाठराखीण

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतनाची किंवा कापसाच्या भावाची असावी. 'नवशिक्या समुपदेशकांचे पर्यवेक्षण' असे मी म्हणताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "भाऊ, हे तुमच्या खात्यातले कसे?" प्रश्न रास्त आहे. मी जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत, हमालांत आणि अलीकडे आशा-अंगणवाडीच्या बायकांत संघटनेचे काम करणारा माणूस. शाळा दहावीला सुटली ती सुटलीच. पुढे जे वाचले ते रात्री, शब्दकोश मांडीवर घेऊन. मनोविकारांचा मी जाणकार नव्हे. परंतु दुसऱ्याचे दुःख ऐकणे हेही एक काम आहे, ते करणारा हाही एक कामगार आहे, आणि त्या कामाला काही हत्यारे, काही सोयी आणि काही संरक्षण लागते, एवढे मला कळू लागले आहे. तेवढ्यापुरते मी बोलणार आहे.

आधी शब्दाचे भांडण मिटवू. इंग्रजीत ह्या गोष्टीला सुपरव्हिजन म्हणतात. गिरणीत आणि जिनात ज्याने दिवस काढले त्याला 'सुपरवायझर' म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? हातात घड्याळ घेऊन दारात उभा असलेला, पाच मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापणारा माणूस. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा माझे कान उभेच राहिले. सांगणारी आमच्या एका जिन कामगाराची मुलगी होती. तिने मानसशास्त्रात एम. ए. केले, वर समुपदेशनाची पदविका घेतली, आणि खामगावात एका कापड दुकानाच्या माडीवर खोली घेऊन पाटी लावली. तीन महिन्यांनी ती माझ्याकडे आली व म्हणाली, "काका, मला सुपरव्हिजन पाहिजे आणि ते इथे कुठेच मिळत नाही." आयुष्यभर सुपरवायझरच्या विरुद्ध घोषणा दिलेल्या माणसापुढे एक शहाणी मुलगी सुपरवायझर मागत होती! मी हसलो. ती हसली नाही.

तेव्हा ही काय चीज आहे ते पाहू. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यक शिकलेला डॉक्टर. तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद करावी लागते, आणि त्याचे शिक्षणच रुग्णालयात, वरिष्ठांच्या नजरेखाली होते. तिसरा वर्ग आमच्या मुलीसारख्यांचा. विद्यापीठाची पदवी आहे, पुस्तके वाचली आहेत, परीक्षेत गुण चांगले आहेत. पण समोर रडणारा माणूस एकटीने सांभाळण्याचा सराव फार थोडा. २०२१ साली केंद्र सरकारने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी जो आयोगाचा कायदा केला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांची नावे आली, ही चांगली गोष्ट झाली. पण नाव यादीत आल्याने माडीवरच्या खोलीत दुसरे माणूस येऊन बसत नाही.

त्या खोलीत काय काय येते ते मुलीने मला नावे-गावे गाळून सांगितले. एक बाई येते, तासभर रडते, पैसे देते आणि पुढच्या आठवड्यात तेच. हिला कळेना की हे चालू ठेवावे की थांबवावे. एक गृहस्थ रात्री अकराला फोन करतात. उचलावा की नाही? एक शेतकरी फीऐवजी हरभऱ्याचे पोते ठेवून गेला. ते घेतले तर व्यवहार बिघडतो, नाकारले तर माणूस दुखावतो. एक मुलगा म्हणतो, मला मरावेसे वाटते, पण घरी सांगू नका. एक विवाहिता आली, आणि दोन भेटींनंतर कळले की तिचा नवरा हिच्या आतेभावाचा भागीदार आहे. मोठ्या शहरात माणूस म्हणतो, दुसऱ्याकडे जा. आमच्या गावात दुसरा आहे कुठे? ह्यांतल्या एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर पुस्तकात नव्हते. तिला झोप लागेना. जेवताना आई काही विचारी, तर ही त्या बाईच्या विचारात.

ह्यावर जगाने जो तोडगा काढला तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२० साली बर्लिनमध्ये माक्स आयटिंगोन आणि कार्ल आब्राहाम यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला. गरिबांनाही तेथे उपचार मिळत. शिकणाऱ्यांसाठी तेथे जी पद्धत बसली तिची तीन अंगे होती: पुस्तकी अभ्यास, स्वतःच्या मनाचे विश्लेषण, आणि तिसरे म्हणजे रुग्णाला तपासताना एका अनुभवी माणसापाशी नेमाने जाऊन केलेल्या कामाचा पाढा वाचणे. हे तिसरे अंग पुढे सर्व प्रकारच्या मानसोपचारांत आणि समाजकार्यात पसरले. मुंबईत १९३६ साली निघालेल्या टाटा समाजकार्य विद्यालयात क्षेत्रकार्याला शिक्षकाची देखरेख असे, आणि त्याच विद्यालयाने १९३७ मध्ये मुलांच्या मार्गदर्शनाचे चिकित्सालय काढले. म्हणजे ही गोष्ट महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. फक्त ती मुंबईहून निघून कापसाच्या आगगाडीने खामगावापर्यंत आली नाही.

हा तास कसा चालतो? समुपदेशक पंधरा दिवसांतून एकदा आपल्याहून जाणत्या माणसापुढे बसतो. रुग्णाचे नाव, गाव, जात, ओळख पटेल असे सारे काढून टाकतो. मग एखादी भेट निवडून सांगतो: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, त्यावर तो गप्प का झाला. रुग्णाची लेखी संमती असेल तर ध्वनिमुद्रणही ऐकवतो. जाणता माणूस मधूनमधून विचारतो. "तू इथे इतक्या घाईने सल्ला का दिलास?" "मरणाचा विचार त्याने काढला तेव्हा तू विषय का बदललास?" "ह्याला औषधाची गरज आहे असे तुला वाटत नाही का? डॉक्टरकडे का पाठवले नाहीस?" ह्यात शिक्षण आहे, थोडी तपासणी आहे, आणि थोडा विसावाही आहे. ब्रिजिड प्रॉक्टर नावाच्या इंग्रज बाईंनी १९८० च्या दशकात ही तीन कामे निराळी करून दाखवली. आणि ज्या पर्यवेक्षणात तपासणीच उरते, बाकीची दोन गळतात, ते पर्यवेक्षण नव्हे, हा माझा त्यावरचा शेरा.

हे ऐकता ऐकता मला आपल्याच घरातला एक शब्द आठवला. पूर्वी नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एक जाणती बाई जात असे. तिला आपण पाठराखीण म्हणतो. ती सासरी जाऊन चूल ताब्यात घेत नाही. स्वयंपाक नवरीनेच करायचा. पण रात्री दोघी एका अंथरुणावर आडव्या झाल्या की नवरी तिच्यापाशी रडू शकते. मीठ जास्त पडले तर ती चारचौघांत न बोलता हळूच सांगते. आणि काही भलतेच दिसले तर परत येऊन आईबापांना खरे ते सांगायलाही भीत नाही. प्रॉक्टरबाईंची तिन्ही कामे ही बाई कुठलेही पुस्तक न वाचता करीत असे. म्हणून ह्यापुढे मी सुपरवायझर हा शब्द जिनाच्या दारातच ठेवतो आणि पाठराखीण म्हणतो. पुरुष असला तरी पाठराखीणच. कोणी रागावू नये.

आता मला हे एवढे का लागले ते सांगितले पाहिजे. २००६ सालची गोष्ट. त्या वर्षी पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा होता. का होता ते सर्वांना ठाऊक आहे. त्या पावसाळ्यात एक हमाल लागोपाठ तीन रात्री माझ्याकडे आला. गावी तीन एकर, डोक्यावर कर्ज. "भाऊ, झोपच नाई लागत जी," एवढेच तो म्हणे. मी त्याला तिन्ही रात्री भाषण दिले. सावकारी, हमीभाव, संघटनेची ताकद, सगळे सांगितले. चौथ्या रात्री तो आला नाही. पाचव्या दिवशी त्याने विष घेतले. तो वाचला, आठवडाभर दवाखान्यात होता, आणि आजही आहे. पण मी पुढे कितीतरी महिने रात्री दार वाजले की दचकत असे. कोणाजवळ बोललो नाही. पुढाऱ्याने बोलायचे कोणाजवळ?

अखेर आमच्या संघटनेतल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने मला गाठले. सगळे ऐकून घेतले, विडी विझवली आणि विचारले, "चवथ्या रोजी तो आला नाई, तवा तुले कसं वाटलं?" मी बराच वेळ गप्प होतो. मग खरे ते सांगितले. "सुटलो असं वाटलं." तो मला रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मंग ज्या रोजी सुटल्यावानी वाटन, त्या रोजी आपणच त्याच्या घरी जायाचं." त्याला मानसशास्त्र हा शब्द लिहिता आला नसता. पण गेली अठरा-एकोणीस वर्षे मी त्या एका वाक्यावर चाललो आहे. माझी चूक मी भाषण दिले ही होतीच. पण ते भाषण मी कोणासाठी देत होतो, हे मला त्याच्या प्रश्नाने कळले. त्याची निराशा मला सोसवत नव्हती, म्हणून मी बोलत सुटलो होतो.

ह्याला शास्त्रात आधार आहे हे पुढे वाचनात आले. हॅरल्ड सर्ल्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५५ मध्ये, आणि एकस्टाइन व वॉलरस्टाइन या जोडीने १९५८ च्या पुस्तकात, एक विलक्षण गोष्ट नोंदवली. रुग्ण आणि उपचारक यांच्यात जे चालते त्याची नक्कल उपचारक नकळत पाठराखणीपुढे करतो. हताश रुग्णाला भेटून आलेला समुपदेशक स्वतःच हताश होऊन बसतो आणि म्हणतो, "काही उपयोग नाही, तुम्हीच सांगा." जाणती पाठराखीण त्यावरून ओळखते की मूळ खोलीत काय चालले आहे. वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे अनुभवले असेल. संतापलेला कामगार आपल्याला संताप देऊन जातो, आपण तो मालकाच्या टेबलावर आपटतो, आणि मागणीचा कागद तसाच खिशात राहतो.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. इंग्लंडमधला खाणकामगार पूर्वी काळाठिक्कर होऊन घरी जाई. बायकोने पाणी तापवायचे, शेगडीपुढे घंगाळ मांडायचे, त्यात त्याने अंग धुवायचे; उकळत्या पाण्याने पोरे भाजत. खाणीच्या तोंडाशीच स्नानगृहे हवीत, कोळशाची काजळी घरी नेणार नाही, ही मागणी कित्येक वर्षे चालली. १९२६ च्या कायद्याने खाणमालकीच्या उत्पन्नावर त्यासाठी कर बसला, तेव्हा स्नानगृहे झपाट्याने उभी राहिली. आपल्याकडे कोळसा खाणींच्या स्नानगृहांचे नियम १९५९ मध्ये झाले. चंद्रपूर-वणीकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी ती पाहिली असतील. १९८९ साली पीटर हॉकिन्स आणि रॉबिन शोहेट या दोघांनी पर्यवेक्षणावर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी नेमकी हीच उपमा दिली आहे: दुसऱ्याचे दुःख उपसणाऱ्याच्या अंगावरही काजळी बसते आणि ती कामाच्याच वेळात धुण्याचा त्याला हक्क आहे. हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटवून बराच वेळ अंगणात बसलो होतो. आमच्या मुलीच्या ताटात ती काजळी पडत होती, आणि मी तिला हसलो होतो.

पण हक्क म्हटला की प्रश्न येतो, मागायचा कोणापाशी? संस्थेत नोकरी असेल तर संस्थेकडे. स्वतःची पाटी लावणाऱ्याला मालक नाही. तोच मालक, तोच मजूर. खोलीचे भाडे, वीज, आणि पहिल्या वर्षी आठवड्याला चार-पाच माणसे. त्यात जाणत्या माणसाच्या तासाची फी कुठून आणायची? म्हणून नवे लोक हा खर्च पहिला कापतात. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच काटछाट होते. इंग्लंडमधील समुपदेशकांच्या मोठ्या संस्थेत मान्यताप्राप्त सभासदाला महिन्याला निदान दीड तास ह्यासाठी द्यावाच लागतो, आणि तो नवशिक्यालाच नव्हे तर वीस वर्षे काम केलेल्यालाही. आपल्याकडे अशी सवय पडायची तर ती वर्गणी काढूनच पडेल, असे माझे मत आहे.

जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथे 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्त्रीपुरुषांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचे समुपदेशन दिले. १० आरोग्य केंद्रांतला हा प्रयोग २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हे समुपदेशक दर आठवड्याला घोळक्याने बसत, एकाच्या भेटीचे ध्वनिमुद्रण सगळे ऐकत, आणि ठरलेल्या कोष्टकावर त्याला गुण देत. आधी तज्ज्ञ बरोबर असत; पुढे हे काम सवंगडीच करू लागले. २०१४ साली छापलेल्या अभ्यासात असे दिसले की सवंगड्यांचे गुण आणि तज्ज्ञांचे गुण यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो. म्हणजे जाणता माणूस दररोज हाताशी हवाच असे नाही. चार नवखे प्रामाणिकपणे बसले, समोर खरे ध्वनिमुद्रण ठेवले, तर बरेच साधते. खरे ध्वनिमुद्रण मात्र हवे. नुसत्या गप्पांत प्रत्येक जण स्वतःची बाजू सावरून सांगतो. आमच्या शाखांच्या अहवालांत मी हे आयुष्यभर पाहिले आहे.

अंतराची सबबही फार टिकत नाही. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. गाठायला गुरू नाही, म्हणून ते व्हिएन्नाला फ्रॉइडशी पत्रे लिहून वाद घालत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला, आपल्या शंका न्यूयॉर्कला पाठवल्या आणि उत्तरे मागवली; पुढे एलिसच्या संस्थेने फडक्यांनाच पर्यवेक्षकाची मान्यता दिली. तिकिटे चिकटवून ह्या माणसांनी पाठराखीण मिळवली. आज खिशातल्या फोनवर अकोला-नागपूरच काय, पुण्याचे माणूसही समोर दिसते.

आमच्या मुलीने शेवटी तेच केले. शेगाव, मलकापूर आणि अकोला येथल्या चार नवख्यांना तिने जमवले. पाच जणांनी वर्गणी काढून नागपूरच्या एका अनुभवी बाईंचा महिन्याला एक तास घेतला, आणि मधल्या पंधरवड्यात पाच जण आपसांत बसतात. पहिल्या दोन बैठकांत एकमेकांची स्तुतीच झाली असे ती सांगते. तिसऱ्या बैठकीत मलकापूरच्या मुलाने तिला विचारले की, रोज रडणाऱ्या त्या बाईला तू कधी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलेस का? हिने विचारले नव्हते, आणि का विचारले नव्हते हे तिला तिथे बसल्या बसल्या उमगले. ते तिने मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

एका जागी माझी कामगार संघटनेची जीभ अडखळते. पाठराखणीला अधिकार असावा का? समुपदेशक चुकत असेल, रुग्णाला धोका होत असेल, तर "हा रुग्ण तू आता सांभाळू नकोस" असे सांगण्याचा हक्क तिला असावा का? माझे पहिले उत्तर होते, मुळीच नाही. अधिकार आला की दारातला घड्याळवाला आला. पण मग त्या हमालाची आठवण होते. चौथ्या रात्री मला कोणी अधिकाराने "ऊठ, जा" म्हटले असते तर मी गेलो असतो. म्हणून आता मी म्हणतो, जिवाचा प्रश्न असेल तेथे अधिकार असावा, आणि तो आधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या केलेल्या असाव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे, आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तर टाळण्यापुरती वाट त्यात मोकळी ठेवली आहे. हे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत रुग्णाला सांगावे. आणखी एक इशारा: आपल्या दवाखान्यात रुग्ण पाठवावेत म्हणून पाठराखीण होणाऱ्यांपासून दूर राहावे. सल्ल्याचा तास हा दलालीचा अड्डा होता कामा नये.

मघाशी आशांचा उल्लेख केला. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला, आणि शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करण्याचे काम आशांवर आले. ह्या कामाचा उपयोग नाही असे कोणी म्हणू नये. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा असाच निराळा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. गावातल्याच माणसांनी दार ठोठावले म्हणून हे झाले. पण दार ठोठावणारीचे काय? आमच्या एका बैठकीत एक आशाताई म्हणाली, "लोकाईले इचारतो, जीव द्यावासा वाटते का म्हणून. घरी येतो अन् पोळ्या लाटतो." मानधनाची मागणी आम्ही त्या दिवशी ठरावात घातली, ह्या वाक्याला ठरावात कुठे घालावे हे कोणाला सुचेना. पुढच्या बैठकीपासून पहिला अर्धा तास त्यासाठी ठेवला. नाव नाही, गाव नाही, नुसते काय ऐकले आणि ऐकून कसे वाटले. माडीवरची मुलगी दोन महिन्यांतून एकदा येऊन त्या अर्ध्या तासाला बसते. फी घेत नाही, चहा घेते.

श्रोत्यांपैकी कोणाला स्वतःसाठी वा घरच्यासाठी समुपदेशकाकडे जाण्याचा प्रसंग आला, तर भिंतीवरची पदवी जरूर वाचा, पण एक प्रश्न तोंडानेही विचारा: "तुम्ही तुमच्या कामाबद्दल कोणाशी बोलता?" ज्याला राग येईल त्याच्याकडे जाऊ नका. रात्री-अपरात्री जिवाचीच गोष्ट असेल तर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चालू आहे. तो मराठीतही बोलतो. माडीवरची मुलगी पहिल्या भेटीतच सांगते की मी नाव न घेता एका वडीलधाऱ्या बाईंचा सल्ला घेत असते. हे ऐकून आजवर दोन माणसे उठून गेली. त्यांतला एक महिन्याने परत आला आणि म्हणाला, "त्या बाईले माह्यं बी इचारा."